धुरकट माल्ट, धुरकट बिअर आणि खानदेशातली गच्ची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोपड्याची. जर्मनीत एर्लांगनला शिकत असताना हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात, मैत्रिणीकडून उसन्या आणलेल्या पातेल्यात धुरकट बिअर करायला शिकले. खिशात तेव्हा फारसं काही नसायचं. आता जळगावात असते आणि गच्चीवर जव भिजत घालते. भाचरं, त्यांचे मित्र, ऑफिसातली माणसं, एकदा तर रिक्षात शेजारी बसलेल्या काकूसुद्धा, सगळे फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

धुरकट बिअर म्हणजे बिअरमध्ये धूर सोडतात का?

नाही. धूर देतात तो धान्याला. धान्य भिजवायचं, मोड आणायचे आणि मोड आले की वाळवायचं. या वाळवलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. ते लाकडाच्या धुरावर वाळवलं की धूर दाण्यात मुरतो, आणि पुढे पाण्यात उतरतो. बिअर फक्त तो वास सांभाळते.

जुन्या काळी हे वेगळं असं काही नव्हतंच. ज्यांच्याकडे ऊन कमी, ते माल्ट विस्तवावर वाळवत, त्यामुळे बहुतेक बिअरला थोडाफार धूर असायचाच. पुढे कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं कमी धुराचं इंधन, आलं, मग नुसती गरम हवा सोडणाऱ्या भट्ट्या आल्या आणि धूर निघून गेला. जर्मनीतल्या बांबेर्ग गावानं मात्र तो सोडला नाही. तिथे बिअर करणारी दोन जुनी घरं आहेत. श्लेंकेर्लाचा उल्लेख १४०५ सालापासून सापडतो, श्पेत्सियाल १५३६ पासूनचं. दोघेही आजपर्यंत आपला माल्ट स्वतः धुरावतात. श्लेंकेर्लावाले त्यासाठी बीच नावाच्या झाडाचं लाकूड जाळतात, आणि नाताळात येणाऱ्या त्यांच्या कडक बिअरसाठी ओकचं. पोलंडमध्ये ग्रोजिस्किए नावाची हलकी बिअर आहे, ती ओकच्या धुरावरच्या गव्हाची. स्वीडनच्या गोटलंड बेटावर बर्चचा धूर देतात.

लागते कशी?

पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, भरताच्या वांग्याची जळकी साल कुणीतरी बिअरमध्ये बुडवून ठेवली आहे. सोबतची जर्मन पोरगी म्हणाली, हॅमसारखी लागते. आपापल्या घरचा धूर आठवतो माणसाला. बांबेर्गवाले सांगतात, पहिल्या ग्लासावर मत देऊ नका, तिसऱ्यापर्यंत थांबा. हे बिअर खपवण्यासाठी म्हणत असतील अशी मला शंका होती, पण त्यात तथ्य आहे. नाकाला धुराची सवय लागली की मागची माल्टची गोडी पुढे येते.

खानदेशातल्या माणसाला मात्र तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबावं लागत नाही असं माझं मत. आपण हिवाळाभर शेतात काड्यांवर वांगी भाजून बडगीत कुटणारी माणसं. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. धूर ही आपल्याकडे चूक नसते, चव असते.

घरी बिअर करणं महाराष्ट्रात कायद्यात बसतं का?

नाही बसत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, म्हणजे १९४९ चा मूळचा मुंबई दारूबंदी अधिनियम, दारू तयार करायला परवाना मागतो, आणि माल्ट आंबवून केलेली बिअर त्याच्या कक्षेत येते. ‘घरच्यापुरती थोडीशी’ अशी वेगळी सूट त्यात नाही. मायक्रोब्रुअरीला परवाना मिळतो, पण तो धंद्याचा मामला आहे, गच्चीवरच्या पातेल्याचा नाही. विकत घेऊन पिण्यालाही वयाची अट आहे, बिअरसाठी २१ वर्षं.

इतर ठिकाणी वेगळं आहे. जर्मनीत घरगुती वापरासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त करता येते. २०२४ च्या आधी ही मर्यादा २०० लिटर होती. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरवर कर नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं वाट मोकळी केली.

मग खानदेशात बसून आम्ही करायचं काय?

यीस्ट, म्हणजे साखर आंबवून दारू करणारी सूक्ष्म बुरशी, तेवढी वगळून सगळं. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये. धुरकट बिअर बिघडते ती बहुतेक वेळा धान्यात, धुरात नाहीतर पाण्याच्या तापमानात, आणि ही तिन्ही कामं यीस्ट पडायच्या आधीची. मोड आणा, धूर द्या, गोड रस काढा, उकळा, थंड करा आणि सोडा घालून प्या. जर्मनीत पोरांना देतात ते माल्ट्सबिअर चवीला याच्याच जवळचं. पुढेमागे परवानगी असलेल्या देशात गेलात तर उरलेला टप्पा दोन आठवड्यांत शिकाल. धूर ओळखायला मात्र दोन हिवाळे लागतात. मला तरी लागले.

खर्च किती येईल? खरं सांगा.

सगळ्यात महाग वस्तू थर्मामीटर, स्वयंपाकघरातला डिजिटल, दोनशे ते चारशे रुपयांत मिळतो. दोन किलो जव, तेलाचे दोन रिकामे डबे, एक जुनी चाळणी, गोणपाट, धुतलेला सुती पंचा, एक मोठं पातेलं आणि गोधडी. यातलं बरंचसं घरात असतंच. डबे फरसाणवाल्याकडून आणा, तो देऊन टाकतो किंवा वीस-तीस रुपये घेतो. दुसऱ्या खेपेपासून खर्च फक्त धान्याचा.

घरी बिअर करायचं म्हणून मिळणारं ‘स्टार्टर किट’ विकत घेऊ नका. त्यात असतं ते बहुतेक बाटल्या भरायचं सामान. आपल्याला त्याचं काम नाही.

धान्य कुठलं आणि कुठून?

जव. दुकानात ‘सातू’ मागितलं तर तयार पीठ हातात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘अख्खे जव, सालासकट’ असं सांगा. पूजेच्या सामानाच्या दुकानात नवरात्राच्या आसपास नक्की मिळतात. पॉलिश केलेले पांढरे जव चालत नाहीत, त्यांना मोड येत नाही.

पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. कृषी केंद्रातल्या पिशवीतला गुलाबी-हिरवा रंग शोभेसाठी नसतो.

घेण्याआधी मूठभर आणून वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. तीन दिवसांत अठरा-एकोणीस उगवले तर घ्या. बारा उगवले तर दुकानदाराला रामराम. मेलेला दाणा मोडाच्या ढिगात बुरशी धरतो आणि शेजारच्यालाही खराब करतो.

गहू चालतो आणि सोपाही जातो. पण त्याला साल नसते, त्यामुळे रस गाळताना पंचा बंद पडतो. निम्मे जव, निम्मा गहू हा मधला मार्ग.

मोड कसे आणायचे? मुगाला आणतो तसेच ना?

सुरुवात तशीच, पण मुगापेक्षा धीर जास्त लागतो.

संध्याकाळी जव भिजत घाला. वर तरंगणारा पोकळ दाणा आणि काडीकचरा काढून टाका. आठ तासांनी पाणी ओतून टाका आणि आठ तास चाळणीत निथळत ठेवा. भिजलेल्या दाण्यालाही श्वास घ्यावा लागतो, सलग पाण्यात ठेवलात तर तो गुदमरून आंबतो. पुन्हा पाणी, पुन्हा निथळ. असं साधारण दोन दिवस. दाणा नखानं दाबला की मऊ लागला पाहिजे आणि टोकाला पांढरा ठिपका डोकावला पाहिजे.

मग ओल्या गोणपाटावर दोन बोटं जाडीचा थर पसरा, वरून ओलं फडकं. दिवसातून दोनदा हातानं उलथापालथ करा. नाही केली तर मुळ्या एकमेकीत गुंतून चटई होते आणि मध्ये ऊब धरते. एकदा लग्नाला म्हणून दीड दिवस शिरपूरला गेले. परत येऊन ढिगात हात घातला तर आत तापलेल्या शेणखतासारखी ऊब आणि तसाच वास. ते सगळं खड्ड्यात गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी थांबायचं, पण नेमकं कधी? बाहेर दिसतात त्या मुळ्या, त्यांच्यावर जाऊ नका. दाण्याच्या पाठीवरची साल नखानं उचला. सालीखाली एक हिरवट-पांढरा कोंब दाण्याच्या पाठीला चिकटून वर सरकत असतो. तो दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत पोचला की झालं. सालीबाहेर निघाला तर उशीर झाला, दाण्यातला पिठूळ भाग त्यानं खाल्ला. दहा दाणे सोलून बघा, सगळे एकसारखे कधीच नसतात. या वेळी ढिगाला कापलेल्या काकडीसारखा वास येतो. तो वास एकदा ओळखीचा झाला की नखाची गरज उरत नाही.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात करा. जवाला पंधरा ते अठरा अंश आवडतात. आपल्याकडे थंडीत रात्री तेवढा गारवा मिळतो, दिवसा ढीग जिन्याखाली ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळच्या उन्हात जव भिजवणं म्हणजे बुरशीची शेती.

ज्वारी नाही का चालणार? आपल्याकडे तीच तर पिकते.

चालते, आणि उबेत मोड आणायचे तर जवापेक्षा तीच बरी. पंचवीस-तीस अंशांत ती आनंदानं उगवते. नायजेरियानं १९८८ पासून बाहेरून येणाऱ्या जवाच्या माल्टवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या बिअर कंपन्यांना ज्वारीवर यावं लागलं, आणि त्या आल्या. आपली दादर ज्वारी चवीला गोड, तिचा माल्टही गोड होतो.

पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते हे शेतकऱ्याला ठाऊक असतंच, हे तेच. त्यामुळे मोड आलेली ज्वारी कच्ची खायची नाही. पूर्ण वाळवायची, कोरड्या फडक्यात चोळून मुळ्या आणि कोंब झाडून टाकायचे, पाखडायची, आणि पुढे रस उघड्या पातेल्यात भरपूर उकळायचा. पहिल्यांदा करणाऱ्यानं जवच घ्यावेत.

ज्वारीचा दुसरा त्रास असा की तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त उष्णतेला फुगतो. तोवर माल्टमधली स्टार्च तोडणारी द्रव्यं थकून जातात. म्हणून एकट्या ज्वारीपेक्षा जवात पाव हिस्सा ज्वारी बरी.

नागलीचे, म्हणजे नाचणीचे, मोड उत्तम. सातपुड्याकडच्या घरांत बाळाला नागलीचं सत्त्व देतात, तेही मुळात माल्टच.

धूर कशाचा द्यावा?

बीच आपल्याकडे नाही, आणि त्याच्यासाठी कुरिअर करत बसण्यात अर्थ नाही.

बाभूळ चांगली. जळते सावकाश, धूर दाट पण सरळ. आंब्याचं वाळकं लाकूड त्याहून मवाळ, नवख्यानं त्यापासून सुरुवात करावी. बोर, जांभूळही चालतात. लाकूड किमान वर्षभर वाळलेलं हवं, साल काढलेलं असेल तर आणखी बरं.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. कपाशीच्या काड्या? भरीत त्यावरच भाजतो ना? भाजतो. पण वांग्याची साल आपण सोलून टाकतो. माल्टला सोलता येत नाही, धूर जिथे बसला तिथे बसला, आणि तो पाण्यात उतरवून आपण पिणार. कपाशीवर हंगामभर किती फवारण्या होतात ते शेतात जाणाऱ्याला सांगायला नको. स्वतःच्या शेतातली, फवारणी न केलेली पऱ्हाटी असेल तरच विचार करा. तुराट्यांनाही हाच नियम.

कडुनिंब नको, कडू उतरतो. निलगिरी नको, तेलकट वास सुटतो. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, सुतारकामातला पॉलिशचा भुसा यांचं नाव काढू नका. कण्हेर तर विषारीच, तिची काटकी सरपणात चुकूनही येऊ देऊ नका. गोवरीबद्दल माझ्या चुलतभावानं गंभीरपणे विचारलं होतं. त्याला म्हटलं, करून बघ आणि पहिला घोट तूच घे. त्याचा विचार बदलला.

धुराचा डबा कसा करायचा?

तेलाचे दोन पंधरा किलोचे डबे गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं घासून घ्या. एकात विस्तव, दुसऱ्यात धान्य. दोन्ही जोडायला साध्या पत्र्याचा तीन-एक फुटांचा पाइप. हे अंतर महत्त्वाचं, कारण धूर वाटेत गार व्हायला हवा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप विस्तवाच्या तोंडाशी लावू नका, तापला की त्याची वाफ घातक.

धान्याच्या डब्यात मधोमध दोन सळया आडव्या टाकून त्यावर चाळणी ठेवा. चाळणीत दीड बोट जाडीचा थर. झाकण जरा कललेलं, धूर खालून येऊन वरून निघून जाऊ द्या. कोंडलेला धूर कडू होतो.

विस्तवाला नारळाच्या करवंट्या घ्या. त्या लाल झाल्या की त्यावर बोटाएवढे लाकडाचे तुकडे, एका वेळी दोन-तीन. ज्वाळा नकोत. धूर बघा. पातळ, निळसर, पलीकडचं दिसतंय असा असेल तर बरोबर. पांढरा, गच्च, डोळ्यांत झोंबणारा असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे.

मोड आलेला ओला दाणाच धुरावर घाला, ओल्या दाण्यावर धूर चांगला बसतो. दर पाव तासाला हात फिरवा. चाळणीपाशी थर्मामीटर ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, ओल्या दाण्याला जास्त ऊब लागली तर पुढे स्टार्चची साखर करणारी द्रव्यं मरतात. पहिल्या वेळी दोन तास पुरे. मग गच्चीवर पंचा पसरून उन्हात, वरून दुसरा पंचा, चिमण्यांसाठी. दोन-तीन दिवसांनी दाणा दाताखाली कडकन फुटला की मुळ्या चोळून काढा आणि डब्यात भरा. लगेच वापरू नका, आठवडाभर मुरू द्या, धुराची धार उतरते.

आणि हे सगळं उघड्यावर. बंद खोलीत, बाथरूममध्ये, गॅलरीची काच लावून कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतो तसा दिला तर?

पाव किलो माल्टची चव बघायला चालेल, पण तुपाशिवाय. तेलातुपानं बिअरचा फेस मरतो, आणि सोड्याच्या पेयावर तवंग येतो.

माझा माल्ट जळक्या टायरसारखा लागतोय. काय चुकलं?

ओलं लाकूड. माझीही पहिली खेप अशीच गेली. पावसाळ्यात पडलेली बाभळीची फांदी दिवाळीत जाळली, वरून वाळकी दिसत होती, आतून ओली. आठवडाभर मुरवलं, महिनाभर मुरवलं, वास हलायला तयार नाही. मायनं डब्याचं झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाली, “हाई काय शे? डास पळाडाना धूर का?” बरोबर तोच वास.

असा माल्ट पूर्ण फेकू नका. साध्या, म्हणजे धूर न देता वाळवलेल्या, माल्टमध्ये किलोला पन्नास ग्रॅम मिसळून बघा. तरीही खटकला तर मात्र टाकून द्या.

धुरकट आणि साधा माल्ट यांचं प्रमाण काय?

बांबेर्गचा विकतचा बीचचा माल्ट मवाळ असतो, तो निम्मा घाला नाहीतर पूर्ण घाला, बिघडत नाही. आपला घरचा धूर अंदाजपंचे, म्हणून सुरुवात एकपंचमांशापासून. स्कॉच व्हिस्कीसाठी पीटवर, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीवर, धुरावलेला माल्ट मिळतो, तो वेगळं प्रकरण आहे. शंभरात पाच घातला तरी दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

रस कसा काढायचा?

अर्धा किलो माल्ट घ्या, त्यातला शंभर ग्रॅम धुरकट. भरड काढा, लापशीच्या रव्याएवढी, पीठ नको. साल जितकी अख्खी राहील तितकं गाळायला सोपं. मिक्सरमध्ये चालू-बंद करत होतं. गिरणीवाल्याकडे नेऊ नका. मी नेलं होतं, माझ्यामागच्या बाईंच्या गव्हाच्या पिठाला दोन दिवस धुराचा वास येत होता आणि आमचं बोलणं अजून तुटक आहे.

अडीच लिटर पाणी ७१-७२ अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर दोन भांडी खळखळतं आणि एक भांडं नळाचं, एकत्र केलं की तेवढ्याच आसपास येतं. भरड पंच्यात सैल बांधून पाण्यात सोडा, गुठळ्या मोडा. आता तापमान ६६ च्या जवळ बसतं. झाकण ठेवा, पातेलं गोधडीत गुंडाळा आणि तासभर विसरून जा. ही गोधडीची युक्ती मी जर्मनीत वापरली तेव्हा हॉस्टेलमधल्या पोरांनी फोटो काढले.

तासानं थेंबभर रस पांढऱ्या बशीत घ्या आणि औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून त्यात एक थेंब सोडा. निळंकाळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी अर्धा तास. तपकिरीच राहिलं तर सगळ्याची साखर झाली. चाखून बघा, शिऱ्याच्या पाकासारखं गोड लागतं. साखर कुठे टाकलीच नव्हती, तरीही. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा माणूस दोनदा चाखतो.

पंचा उचलून निथळू द्या, हलका पिळा. रस उकळायला ठेवा, आल्याचा तुकडा आणि लिंबाची पिवळी साल टाका. कडवटपणा हवा असेल तर मेथीचे आठ-दहा दाणे. हॉप्स नावाची कडू फुलं बिअरमध्ये लागतात, आपल्या देशात ती हिमाचलच्या लाहौलमध्ये पिकवली गेली आहेत, पण या पेयाला त्यांची गरज नाही. धुरकट बिअरमध्येही त्यांचा हात आखडताच असतो, दोन कडू वास एका घरात नांदत नाहीत. आटून लिटरभर उरलं की गाळून थंड करा.

एक भाग रस, दोन भाग थंडगार सोडा, वरून लिंबू. गोळीच्या सोड्याची बाटली मिळाली तर तीच घ्या.

बोअरचं पाणी चालेल?

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरणारं. धुरकट, गडद माल्टला ते फार नडत नाही. एकदा उकळून, निवल्यावर वरचं ओतून घ्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही उकळल्यानं जातो. धूर आणि क्लोरीन एकत्र आले की औषधी वास येतो, तो मात्र कशानंच झाकत नाही.

किती दिवस टिकतं?

फ्रिजमध्ये दोन दिवस. बस्स. बाटलीत भरून, बूच लावून बाहेर ठेवायचं नाही. एक तर हवेतलं यीस्ट शिरून ते आंबायला लागेल, मग कायदाही आला आणि बाटली फुटण्याची भीतीही आली. दुसरं, हा रस फारसा आंबट नसतो, आणि हवाबंद बाटलीत तो खोलीच्या तापमानाला राहिला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि दोन-दोन खडे सोड्यात टाका.

मी शिकायला जर्मनीला चाललोय. तिथे पूर्ण बिअर करायची तर?

दहा लिटरचा हिशेब देते. दीड किलो बीचचा धुरकट माल्ट, एक किलो म्युनिक माल्ट, म्हणजे बिनधुराचा, जरा गडद माल्ट. बांबेर्गमध्येच १८७९ सालची वायरमान ही माल्ट कंपनी आहे, तिचा माल्ट तिथल्या दुकानांत सुटा मिळतो आणि दळूनही देतात. वीस-पंचवीस ग्रॅम हॉप्स, तासभर उकळी. रस वीस अंशांखाली आणून झाकणाच्या स्वच्छ बादलीत घाला आणि यीस्टची अर्धी पुडी टाका. खरी बांबेर्गी बिअर दहा अंशांच्या आसपास आंबते, पण त्यासाठी वेगळा फ्रिज लागतो. पहिल्या खेपेला १८ ते २० अंशांत चालणारं, एल नावाच्या उबेत आंबणाऱ्या बिअरचं यीस्ट घ्या. गव्हाच्या बिअरचं यीस्ट टाळा, ते स्वतःच लवंगेचा वास सोडतं आणि धुराशी भांडतं.

उकळल्यानंतर रसाला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. पैसे कमी असले तरी यात कंजुषी नको.

दोन आठवड्यांनी बाटल्या भरा, लिटरला सहा ग्रॅम साखर. आणि आंबणं पूर्ण थांबलंय ना, हे हायड्रोमीटरनं, म्हणजे रसाची घनता मोजणाऱ्या नळीनं, दोन दिवस लागोपाठ मोजून बघा. मी नवव्या दिवशी घाईनं भरल्या, साखरही अंदाजानं, चहाच्या चमच्यानं. रात्री दोन वाजता सामायिक स्वयंपाकघरात पहिली फुटली. आम्ही उठून जाईपर्यंत आणखी दोन. कपाटातल्या माझ्या मसाल्यांच्या डब्यांना परत येईपर्यंत तो वास होता.

पित्त, साखर, तब्येत?

हा रस म्हणजे साखरच. मधुमेह असेल तर लांब राहा. जव आणि गव्हात ग्लूटेन असतं, ज्वारी-नागलीत नसतं. धुरात बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यंही थोडीफार असतात, म्हणून काजळी धरलेला दाणा टाकून द्या आणि रोज पिऊ नका. बुरशीचा काळा-हिरवा ठिपका दिसलेला ढीग तर कोंबड्यांनाही घालू नका.

शेजारी विचारतात तेव्हा काय सांगायचं?

फक्त एक शब्द वापरू नका : भट्टी. मी गच्चीवरून “भट्टी पेटली का गं?” असं ओरडले होते. आपल्याकडे या शब्दाच्या आधी ‘हात’ लावूनच ऐकतात. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. शेवटी सगळ्यांना वर बोलावून ग्लासभर सोडा पाजला. आता ‘धान्य शेकतेय’ असं सांगते.

उरलेल्या चोथ्याचं काय करू?

त्यात साखर कमी आणि कोंडा-प्रथिनं जास्त उरतात. मूठभर वाळवून, दळून कळण्याच्या पिठात घाला, भाकरीला छान धुरकट वास लागतो. बाकीचा त्याच दिवशी गुरांना, कारण दुसऱ्या दिवशी तो आंबतो. शेजारच्या आप्पांच्या म्हशीनं पहिल्यांदा नुसता हुंगला, मान वळवली आणि आप्पांकडे बघितलं. आता मी पातेलं घेऊन खाली उतरले की ती दाव्याला ताण देते.